तीन टॉवर, एक तंबोरा : माडीवरच्या नोंदी

घर वडोदऱ्याचं, दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतलं, पणजोबांनी बांधलेलं. गाणं ऐकायची खोली माडीवर आहे. ५.२ मीटर लांब, ३.६ रुंद, ३ उंच. जमीन लाकडी फळ्यांची, म्हणजेच खाली राहणाऱ्या काकूच्या डोक्यावरचा कडीपाट. एका बाजूला पितळी कड्यांचा झोपाळा, भिंतीशी बैठकीची गादी, कोपऱ्यात बाबांचा मिरजेचा तंबोरा. जुने छोटे स्पीकर चौदा वर्षं वाजले आणि एकाच्या वूफरची (खालचे सूर वाजवणाऱ्या शंकूची) रबरी कडा फाटली. आता टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घ्यायचे, चार लाखांच्या आसपासचे, आणि ते दुकानात नव्हे, याच खोलीत ऐकून घ्यायचे असं ठरवलं. पुढेमागे कुणी असाच घाट घातला तर त्याचे माझ्याइतके दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

मॉडेलांची नावं मुद्दाम देत नाही. माझ्या खोलीने त्यांचं जे काही केलं ते त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

उमेदवार ठरले.

अ : ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा) मिडरेंजच्या (मधले सूर वाजवणाऱ्याच्या) पोटात बसवलेला, खाली दोन साडेसहा इंची वूफर. संवेदनशीलता कागदावर ८८ डेसिबल. नग ३१ किलो.

ब : उंच, सडपातळ, तीन वूफर, ट्वीटर सगळ्यात वर. कागदावर ९१. नग ३४ किलो. दिसायला सगळ्यांत देखणा, आणि हेच पुढे नडलं.

क : अलकापुरीतल्या मित्राची जुनी जोडी, तो परदेशी निघालाय. दोन आठ इंची वूफर, रुंद पेटी, ८७ डेसिबल, ४३ किलो.

अ आणि ब अहमदाबादच्या एका दुकानदाराने घरी ऐकायला द्यायचं कबूल केलं. ५०,००० रुपये अनामत. मित्राने काही घेतलं नाही, फक्त मांजरापासून जपा म्हणाला.

१६ नोव्हेंबर

टेम्पो आला. जिना लाकडी, ७५ सेंटीमीटर रुंद, मध्ये एक काटकोनी वळण. हमालांनी खोक्यासकट न्यायचा प्रयत्न केला, वळणावर खोकं अडकलं. मी शहाणपणा करून म्हटलं, खोकं काढा, नुसता स्पीकर न्या. ब चा एक कोपरा कठड्याच्या खिळ्याला घासला. दोन इंचाचा ओरखडा.

दुकानदाराला त्याच दिवशी फोटो पाठवला. ८,००० कापून घेणार म्हणाला. बरोबरच आहे. खोकं काढलं तरी आतला थर्माकोल तसाच ठेवून सुतळीने बांधला असता तर कोपरा वाचला असता. अ आणि क तसेच नेले, एकही खूण नाही.

हमाली १,८००.

१७ नोव्हेंबर

दिवसभर ऐकलं. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून ६२ सेंटीमीटरवर, कारण त्यापुढे झोपाळा येतो. बैठक समोरच्या भिंतीला टेकून, जशी वर्षानुवर्षं आहे तशी.

त्या रात्री वहीत लिहिलेलं जसंच्या तसं: ‘ब फारच मोकळा. आवाज खोलीत येऊन उभा राहतो. अ थोडा मागे, लाजरा. क जड.’ हे वाक्य लक्षात ठेवा, तीन आठवड्यांनी याची लाज वाटणार आहे.

२० ते २२ नोव्हेंबर

तीन दिवस पाण्यात.

क वर तबल्याचा डग्गा घुमला की उजवीकडून बारीक ‘झिर्रर्र’ यायचं. सगळ्यात आधी वूफरवर संशय. जुना माल, व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) घासत असणार. मित्राला फोन केला, तो बिचारा चारशे प्रश्न विचारून हैराण. डावा स्पीकर उजवीकडे नेला, तरी आवाज उजवीकडूनच. इथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. तारा बदलल्या, अँप्लिफायरची डावी-उजवी बाजू उलटसुलट केली, स्पीकरचे सगळे स्क्रू हलके कसून पाहिले.

तिसऱ्या दिवशी आई झोपाळ्यावर येऊन बसली आणि आवाज थांबला. उठली, सुरू. पुन्हा बसली, बंद.

पितळी कड्या. रिकाम्या झोपाळ्याच्या कड्यांवर वजन नसतं, सांधे सैल लोंबतात. फोनवरच्या टोन जनरेटरने २० हर्ट्झपासून हळूहळू वर गेलो तर ४७ च्या आसपास कड्या स्पष्ट थरथरताना दिसल्या. खोलीच्या ३.६ मीटर रुंदीचा पहिला अनुनाद, म्हणजे भिंतींमध्ये आवाज आपोआप फुगतो ती जागा, ४८ हर्ट्झला येतो, तेव्हा कड्यांना तिथे रोजचाच खुराक. प्रत्येक सांध्यात चिंधी घालून सुतळीने बांधलं. खर्च शून्य.

स्पीकर परत पाठवण्याआधी खोलीतली सैल वस्तू न् वस्तू हाताने दाबून बघा. माझ्याकडे नंतर खिडकीची खिट्टी, तसबिरीची काच आणि देवघरातली घंटा अशी आणखी तीन पात्रं सापडली.

२३ नोव्हेंबर

खालून काकू आली. ‘अरे, माझ्या फळीवरचे डबे नाचताहेत. काल साखरेचा डबा पुढे सरकत सरकत पडला. तू वर काय गिरणी घातलीस का?’

टॉवरच्या तळाला टोकदार स्पाइक असतात. पक्क्या फरशीवर ते स्पीकरला घट्ट रोवतात. माझ्या फळ्यांवर त्यांनी स्पीकरला जमिनीशी जखडून टाकलं आणि अख्खा कडीपाट स्पीकरची आणखी एक पेटी झाला. फळीवर तळहात ठेवला की डग्गा हाताला लागायचा.

पहिला उपाय: स्पाइकखाली जुनी पाच रुपयांची नाणी. फळ्यांवरचे व्रण वाचले, बाकी फरक शून्य.

दुसरा: स्पाइक काढून वॉशिंग मशीनखाली घालतात तसले रबरी पॅड, चारचा संच २४०. बरंच कमी झालं, पण क सारखा ४३ किलोचा स्पीकर मऊ रबरावर डुलायला लागला. बोटाने ढकलला की हेलकावा.

तिसरा, आणि हाच टिकला: ओट्याच्या कामातून उरलेले कडप्प्याचे दोन तुकडे, ४५ बाय ४५, दगडवाल्याकडून कडा घासून घेऊन ६०० रुपयाला एक. खाली रबरी पॅड, त्यावर कडप्पा, त्यावर स्पीकर स्पाइकसकट. आणि ही जोडी फळीच्या मधोमध न ठेवता जिथे खालून तुळई जाते तिथे ठेवली. तुळई कुठे आहे हे कळायला खाली जाऊन काकूच्या स्वयंपाकघराची छपराची मापं घेतली. काकूने चहा दिला, पण डब्यांचा हिशेब मागितलाच.

डबे थांबले. वरच्या खोलीत डग्ग्याच्या थापेला कडा आली. आधी ती थाप म्हणजे पोत्यावर काठी मारल्यासारखी होती.

२८ नोव्हेंबर

माइक आला. यूएसबीचा मोजणीचा माइक, कॅलिब्रेशनची, म्हणजे माइकची स्वतःची चूक वजा करणारी, फाइल सोबत मिळते तो, ११,५००. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. हा खर्च पहिल्या दिवशी करायला हवा होता. दहा दिवस कानाने चाचपडत बसलो ते वाचले असते.

दिवसा गल्लीतल्या स्कूटरी आणि पारव्यांमुळे मोजणी निरुपयोगी. रात्री दीडनंतर, पंखा बंद करून केली.

बैठकीवर, भिंतीला टेकलेल्या डोक्याच्या जागी: ६६ हर्ट्झला ११ डेसिबलचा उंचवटा. आणि १३९ च्या आसपास चांगला खोल खड्डा. तिन्ही स्पीकरांना. थोडा इकडेतिकडे फरक, पण डोंगर आणि दरी त्याच जागी.

इथे सूर समोर आले. बाबांचा तंबोरा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला लागतो. त्याचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९.३. म्हणजे माझ्या खोलीत खर्ज फुगलेला आणि षड्ज खचलेला. काळी एकला गाणाऱ्या गवयाचं गाणं ऐकायला याहून वाईट खोली मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमणार नाही.

डोंगर लांबीमुळे: ५.२ मीटरला पहिला अनुनाद ३३ ला, दुसरा ६६ ला, आणि भिंतीपाशी तो सगळ्यात जोरात. खड्डा माझ्या मांडणीमुळे: स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६२ सेंटीमीटर, मागे जाऊन भिंतीवर आपटून परत आलेला आवाज नेमका १३९ च्या आसपास मूळ आवाजाला खोडतो. ६२ हा आकडा झोपाळ्याने ठरवला होता.

१ डिसेंबर, रविवार

कल्पना अशी की तंबोरा घरात आहे, तोच रेकॉर्ड करावा, स्पीकरवर लावावा आणि खऱ्या तंबोऱ्याशेजारी बसून ताडून बघावं. रेकॉर्डमधला आवाज खरा कसा होता हे कुणालाच माहीत नसतं, हा तरी आपल्याला माहीत आहे.

आईने तंबोरा लावला. ती गाणं शिकवून निवृत्त झाली. बाबा सूरसागरच्या काठावरच्या संगीत महाविद्यालयात शिकले. ती संस्था सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू केलेल्या गायनशाळेतून आली. त्यामुळे आमच्या घरी जवारीवर, म्हणजे घोडीवरून तारेला येणाऱ्या झणकारावर, मत नसलेला माणूस नाही.

दहा मिनिटं रेकॉर्ड केलं, लावलं. तिन्ही स्पीकरांवर तंबोरा रांजणात बसून वाजवल्यासारखा. आई म्हणाली, ‘अरे, हा तंबोरा नाही, भोपळा आहे नुसता.’

अर्धा दिवस स्पीकरांना शिव्या दिल्यावर कळलं. रेकॉर्डिंग मी याच खोलीत केलं होतं. खोली एकदा माइकमध्ये शिरली आणि वाजवताना पुन्हा एकदा. खोली दोनदा ऐकत होतो.

२ डिसेंबर

पहाटे पाचला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. आई शाल पांघरून, तंबोरा गादीवर, माइक भोपळ्यापासून ऐंशी सेंटीमीटरवर. भिंती नाहीत, छत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत पारवे आहेत, राहू दिले. पुढे त्या पारव्यांचाच उपयोग झाला, खऱ्या स्पीकरवर ते अगाशीवरच बसलेले वाटतात.

या रेकॉर्डिंगवरून एक गोष्ट दिसली जी मी गृहीत धरली नव्हती. तंबोऱ्याच्या खर्जात ६९ हर्ट्झ स्वतः फार दुबळा असतो. आपण जो खर्ज ऐकतो तो बहुतेक त्याच्या वरच्या स्वनांचा गुच्छ. म्हणून खरा तंबोरा त्या खोलीत कधी गुरगुरला नाही. गुरगुरतात ती रेकॉर्डिंगं, ज्यांत तंबोरा जवळून धरलाय किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी वापरलीय.

५ ते ७ डिसेंबर

बैठक हलवायची.

गणित सरळ: ६६ च्या अनुनादाचा दाब भिंतीपाशी जास्तीत जास्त, लांबीच्या पाव अंतरावर शून्य. पाव म्हणजे १.३ मीटर. बैठक १.३ मीटर पुढे ओढली आणि विजयी मुद्रेने लावलं. खर्ज गायब. नुसता पातळ नाही, गायबच. माइकने ६६ ला खड्डा दाखवला. डोंगरावरून उडी मारून विहिरीत.

मग दहा-दहा सेंटीमीटरने मागे. ८५ वर थांबलो. तिथे हिशेबाने साडेपाच डेसिबल कमी व्हायला हवे होते, माइकवर सहा भरले. उंचवटा ११ वरून ५ वर.

स्पीकर पुढे घ्यायला झोपाळा दीड हात सरकवावा लागला. वरच्या तुळईत कडीचं नवं भोक, सुतारमिस्त्री ७००. तुळई सागवानी, त्याने दोन ड्रिल मोडले. आता स्पीकरचं तोंड भिंतीपासून ९५ सेंटीमीटर. खड्डा १३९ वरून ९० वर सरकला. तो गेला नाही, कधीच जात नाही, फक्त जागा बदलतो. ९० म्हणजे काळी एकच्या मंद्र मध्यमाच्या आसपास. गवई तिथे उतरतो, पण मुक्काम करत नाही. षड्ज मोकळा झाला हे महत्त्वाचं.

मधल्या काळात केलेली एक उधळपट्टी नोंदवून टाकतो. शंभर मिलीमीटर जाडीच्या रॉकवूलच्या चार चौकटी, वर खादीचं कापड, एकूण ९,२००. ६६ साठी करवून घेतल्या होत्या. ६६ हर्ट्झच्या लाटेचा पाव भाग १.३ मीटर भरतो, भिंतीला चिकटवलेली दहा सेंटीमीटर लोकर तिला काय अडवणार? आलेखावर रेघभर फरक नाही. टाळी वाजवल्यावर येणारा टणत्कार मात्र गेला आणि गळ्याचा आवाज निवळला, म्हणून ठेवल्या. भरताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला. दोन दिवस खाजवत होतो.

८ डिसेंबर

लाजेचा दिवस.

आतापर्यंत तिन्ही जोड्या व्हॉल्यूमचा खटका एकाच खुणेवर ठेवून ऐकत होतो. माइकने मोजलं: त्याच खुणेवर ब हा अ पेक्षा २.६ डेसिबल मोठा वाजतो. कागदावरच्या ८८ आणि ९१ चा अर्थ हाच होता, पहिल्या दिवसापासून समोर लिहिलेला. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट ताकद, आणि कानाला एवढा फरक ‘जास्त मोठा’ असा ऐकूच येत नाही. तो ‘जास्त मोकळा’, ‘जास्त जिवंत’ असा ऐकू येतो.

५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज (मोजणीसाठीचा एकसारखा खळखळाट) लावून तिघांचे आवाज ०.२ डेसिबलच्या आत आणले, प्लेअरमध्ये तीन वेगवेगळी सेटिंगं जपून ठेवली. पुन्हा ऐकलं. ब चा मोकळेपणा निम्मा उरला. अ चा लाजरेपणा पूर्ण गेला.

१७ नोव्हेंबरचं पान फाडणार होतो. आई म्हणाली, ठेव.

१३ डिसेंबर

या सगळ्या खटाटोपातली सर्वात उपयोगी नोंद बहुधा ही.

मी खुर्चीत बसून ऐकत होतो तेव्हा ब चांगला. आई बैठकीवर बसली की म्हणायची, बाईचा आवाज ‘दाराआडून येतोय’. मला वाटलं वय. मग मी तिच्या शेजारी गादीवर मांडी घालून बसलो. दाराआडून.

मापं घेतली. खुर्चीत माझा कान जमिनीपासून १०४ सेंटीमीटर. बैठकीवर आईचा ७२. ब चा ट्वीटर ११२ वर, मिडरेंज त्याच्या खाली. अ चं जोडकेंद्र, म्हणजे ट्वीटर आणि मिडरेंजचं एकच केंद्र, ९२ वर.

ट्वीटर आणि मिडरेंज वेगवेगळ्या उंचीवर असले की कान वरखाली झाल्यावर दोघांपासूनचं अंतर सारखं राहत नाही, आणि जिथे एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवलं जातं त्या पट्ट्यात दोघं एकमेकांना कापतात. साडेतीन मीटरवरून, ७२ च्या उंचीवर, ब ला अडीच हजार हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबलचा खळगा. १०४ वर तो नाही. अ ला दोन्ही उंचींवर रेघ जवळपास तीच. क मधे कुठेतरी.

म्हणजे ब मध्ये खोट नाही. तो खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बनवलाय. आमच्याकडे गाणं मांडी घालून ऐकतात.

अ सारखी जोडकेंद्री रचना नवी नाही. टॅनॉय या स्पीकर कंपनीने १९४७ मध्ये आणली, केईएफ या दुसरीने यूनी-क्यू या नावाने १९८८ पासून. मी ती आजवर जाहिरातीचा भाग समजत होतो.

१४ डिसेंबर

आईला खुर्चीत बसवायचा प्रयत्न. ‘खुर्चीत बसून गाणं ऐकायचं म्हणजे स्टेशनावर गाडीची वाट बघितल्यासारखं वाटतं.’ विषय संपला.

ब च्या मागच्या पायांखाली पाचरी घालून तो पुढे झुकवला. खळगा अर्धा भरला. पण ३४ किलोचा उंच स्पीकर पुढे झुकलेला, खाली रबर, आणि सुट्टीत बहिणीची मुलं येणार. संध्याकाळी पाचरी काढल्या.

झोपाळ्यावर बसून ऐकणं हा वेगळाच प्रकार. कान दर दोन-तीन सेकंदांनी हातभर पुढे-मागे. तिथून मतं नोंदवायची नाहीत असा नियम केला. सर्वांत जास्त ऐकणं मात्र तिथूनच होतं.

२१ आणि २२ डिसेंबर

पडद्याआडची परीक्षा.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हाच प्रयोग केला होता: तेच ऐकणारे, तेच स्पीकर, एकदा बघून आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना लोक रूपाला आणि नावाला गुण देत होते, आणि स्पीकरची जागा बदलल्याने होणारा फरक त्यांच्या कानाला लागेना. पडदा आला की लागू लागला. माझं ब वरचं प्रेम बघता मला याची गरज होती.

पडदा कशाचा? आईची सुती साडी लावून मोजलं, दहा हजार हर्ट्झच्या वर जवळपास एक डेसिबल खाल्लं. मग आजोबांचं मलमलीचं धोतर काढलं, एकेरी. माइकला ते दिसेचना. झोपाळ्याच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत धोतर ताणलं.

प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर, मोनो. दोन स्पीकर एकत्र वाजले की कान रुंदीच्या जादूला भुलतो, एकटा उभा केला की उघडा पडतो. मामेभाऊ चिठ्ठी काढून स्पीकर त्याच जागेवर सरकवायचा, तारा बदलायचा. दर बदलाला दीड-दोन मिनिटं. हे फार आहे, तोवर आधीचा आवाज मनातून पुसट होतो, पण याहून चपळ सोय घरात नाही. अगाशीवरचा तंबोरा, एक पुरुष ख्याल, एक स्त्रीचा, सरोद, थोडं सिनेमातलं. नऊ फेऱ्या, दर फेरीत तिघांना क्रम द्यायचा.

आई: अ सात वेळा पहिला, क दोनदा. ब एकदाही नाही.

मी बैठकीवर: अ चार, क चार, ब एक. मी खुर्चीत, आणखी पाच फेऱ्या: ब दोन, अ दोन, क एक.

आईला आवडते फैयाज खाँसाहेबांची जुनी रेकॉर्डं. खाँसाहेब इथलेच दरबारगायक, १९५० साली याच शहरात गेले. त्या रेकॉर्डांवर तिघांत फरक करता येईना, कारण खालचा खर्ज त्यांत उतरलेलाच नाही. एवढंच की ब वर सुईची खरखर जास्त टोचते. चाचणीसाठी असली रेकॉर्डं वापरू नका. आनंदासाठी वापरा.

२९ डिसेंबर

दोन किरकोळ गोष्टी.

मोठ्या आवाजात ब वर अँप्लिफायर दोनदा आपोआप बंद पडला. अँप्लिफायर माझा, ८ ओहमला ८० वॉटचा, मध्यम कुवतीचा. ब च्या कागदावर ८ ओहम लिहिलंय, पण खालच्या ओळीत किमान ३ च्या जवळ. ओहम जितके कमी तितका अँप्लिफायरवर ताण जास्त. ती खालची ओळ वाचा. ब घेतला असता तर अँप्लिफायरही घ्यावा लागला असता.

तार: एका स्नेह्याने ४२,००० ची तार आग्रहाने ऐकायला दिली. माझी इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची, चार-चार मीटर. मामेभावाने दहा वेळा बदलली, मी पाच वेळा बरोबर ओळखलं. दहात आठ ओळखले असते तरी निव्वळ नशिबाने तसं व्हायची शक्यता शंभरात पाच-सहा. पाच म्हणजे नाणं उडवणं. तार स्नेह्याला परत केली, कारण सांगितलं नाही.

१४ जानेवारी २०२५

उत्तरायण. प्रत्येक अगाशीवर डीजे. काम शून्य, उंधियू भरपूर.

१९ जानेवारी

निर्णय. क शी शेवटपर्यंत झगडलो. त्याच्या मागच्या छिद्रांत फोमचे बोळे घातल्यावर त्याचा खर्ज इतका भरदार आणि शांत लागला की रात्री एकटा असताना मी त्यालाच लावत होतो. २,१०,००० ला तो मिळत होता. पण आईच्या जागेवरून गळा थोडा जाड होतो, आणि या घरात दिवसाचे चार तास ऐकणारी ती आहे. मी एक.

अ घेतला. ऐकायला आणलेलाच नग, म्हणून ३,६०,००० चा ३,२५,००० ला. ब परत गेला, या वेळी थर्माकोल बांधून. क मित्राच्या मेव्हण्याकडे गेला, त्याच्याकडे खाली पक्की फरशी आहे. जाऊन ऐकणार आहे.

शेवटी प्लेअरमध्ये ६६ हर्ट्झला एकच काप: साडेचार डेसिबल खाली, अरुंद. उंचवटा कापणं ठीक. ९० चा खड्डा भरायच्या मोहात एक रात्र पडलो होतो, दहा डेसिबल वर चढवून, म्हणजे त्या सुरांना दहापट ताकद. खड्डा तसाच राहिला, वूफर मात्र लटलट हलायला लागला. काढून टाकलं.

स्पीकर सोडून खर्च: माइक ११,५००, चौकटी ९,२००, ओरखडा ८,०००, जाण्यायेण्याची हमाली आणि टेम्पो ७,४००, कडप्पा १,२००, रबरी पॅड दोन संच ४८०, मिस्त्री ७००. एकूण ३८,४८०. यातले ओरखड्याचे आठ हजार सरळ मूर्खपणाचे, चौकटींचे अर्धेमुर्धे. वेळ सव्वादोन महिने. माइक आधी आणून आवाज आधी जुळवले असते तर तीन आठवडे पुरले असते.

२ फेब्रुवारी

बहिणीची मुलं येऊन गेली. अ शाबूत. कडप्प्यावर खडूने घर काढून लंगडी खेळले.

आईची तक्रार आहे की झोपाळा कुरकुरत नाही, म्हणजे घरात कोणी नसल्यासारखं वाटतं. सुतळी आणि चिंध्या सोडल्या. रात्री पुन्हा मोजलं, कड्या अजून ४७ लाच वाजतात. आता गाणं लावायच्या आधी बांधतो, झाल्यावर सोडतो. विसरलो तर आई जाऊन बसते.